संदकफूची वाट आणि मागची चाके

दार्जिलिंगला जाणारे प्रवासी बहुधा टायगर हिलवरचा सूर्योदय पाहून आणि चहाची दोन पाकिटे घेऊन परततात. आपल्या हाती आणखी दोन-तीन दिवस असतील, तर घूम आणि सुखिया पोखरी ही गावे मागे टाकून मानेभंज्यांगला अवश्य जावे. ‘भंज्यांग’ म्हणजे नेपाळी भाषेत खिंड. नावाप्रमाणेच हे छोटे गाव एका खिंडीत वसले असून त्याच्या एका कडेला भारत आणि दुसऱ्या कडेला नेपाळ आहे. येथून सुमारे ३१ किलोमीटरवर संदकफू हे पश्चिम बंगालमधील सर्वांत उंच शिखर आहे. त्याची उंची ३६३६ मीटर. आकाश निरभ्र असेल तर तेथून कांचनगंगेची संपूर्ण रांग दिसते आणि पश्चिमेकडे एव्हरेस्ट, ल्होत्से व मकालू ही शिखरे एकाच दृष्टिक्षेपात येतात.

परंतु हा लेख त्या शिखरांविषयी नाही. त्यांची वर्णने आपण पुष्कळ वाचली असतील. मानेभंज्यांगच्या रस्त्यावर ओळीने उभ्या राहणाऱ्या जुन्या लँड रोव्हर गाड्यांकडे, आणि त्यांतही मागच्या चाकांमधल्या लोखंडी भोपळ्यासारख्या फुगवट्याकडे आपले लक्ष वेधावे, असा माझा हेतू आहे. आपण वर जाणार ते त्याच्या भरवशावर.

लँड रोव्हर ही मोटार १९४८ साली ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात प्रथम लोकांपुढे आली. युद्धानंतर इंग्लंडमध्ये पोलादाची टंचाई होती, म्हणून तिचे अंग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे केले गेले. त्यामुळे डोंगरातल्या धुक्यापावसात तिचा पत्रा गंजत नाही. दार्जिलिंगच्या चहामळ्यांमधून या गाड्या स्थानिकांच्या हाती आल्या असे सांगतात. १९५०च्या दशकात घडलेल्या गाड्या आजही येथे प्रवासी वाहतात, ही गोष्ट त्या गाड्यांइतकीच येथील मिस्त्र्यांच्या हाताची साक्ष आहे. पुष्कळ गाड्यांचे मूळ इंजिन केव्हाच निकामी झाले असून त्या जागी भारतीय बनावटीचे डिझेल इंजिन बसले आहे. मागचा आस मात्र बहुधा जुनाच आहे.

मानेभंज्यांग सोडताच चित्रेपर्यंतची चढण अंगावर येते. आखूड वळणे एकावर एक रचलेली असतात. पुढे मेघमा, मग नेपाळच्या हद्दीतले तुमलिंग, आणि तेथून सिंगालीला राष्ट्रीय उद्यानातून रस्ता गैरीबासपर्यंत खाली उतरतो. जितके मिळवले त्यातले पुष्कळ गमावून पुन्हा कालीपोखरीकडे चढावे लागते. एप्रिल-मे महिन्यांत या उतारांवर गुरांस, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन, लाल फुलांनी लगडलेला असतो. पूर्वी ही सारी वाट मोठमोठे धोंडे पसरून केलेली होती. अलीकडच्या वर्षांत तिचा बराच भाग काँक्रीटचा झाला आहे. तरी काँक्रीट जेथे फुटले आहे, जेथे वरून मुरूम आणि दगड वाहून आले आहेत, किंवा हिवाळ्यात जेथे बर्फ साचला आहे, तेथे गाडीला अजूनही जुनीच परीक्षा द्यावी लागते. कालीपोखरीनंतर बिखेभंज्यांगपासूनची अखेरची चढण सर्वांत कठीण आहे.

आता त्या फुगवट्याकडे वळू. त्याच्या पोटात डिफरन्शियल नावाची दातेरी चक्रांची जुळणी असते. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा अधिक अंतर कापावे लागते. या गाडीच्या दोन चाकांमधले अंतर साधारण १.३ मीटर आहे. गाडी पूर्ण उलटी वळली, तर बाहेरचे चाक आतल्यापेक्षा सुमारे ४ मीटर जास्त धावते, मग वळण मोठे असो की लहान. दोन्ही चाके एकाच अखंड दांड्यावर ठोकली असती, तर प्रत्येक वळणावर टायर फरफटले असते. डिफरन्शियलमुळे दोन्ही चाकांना आपापल्या वेगाने फिरण्याची मुभा मिळते.

या मुभेची किंमत धोंड्यांच्या वाटेवर चुकवावी लागते. डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देते. एक चाक खड्ड्यावर अधांतरी राहिले, तर त्याला फिरवायला जवळजवळ काहीच जोर लागत नाही. मग जमिनीवर घट्ट टेकलेल्या दुसऱ्या चाकालाही तेवढाच, म्हणजे जवळजवळ शून्य, जोर मिळतो. अधांतरी चाक गरगर फिरते आणि गाडी जागीच उभी राहते. चढणीवर गाडीचे वजन मागे सरकते, म्हणून वर ढकलण्याचे बहुतेक काम मागचा आसच करतो. तोच असा रिकामा झाला की प्रवाशांना खाली उतरावे लागते.

आपण म्हणाल, ही तर चारही चाकांनी ओढणारी गाडी आहे. होय. चालकाने लाल मुठीचा दांडा मागे ओढला की मंद गिअर लागतो आणि पुढची चाकेही कामाला जुंपली जातात. तथापि पुढच्या आसातही तसेच डिफरन्शियल आहे. पुढचे डावे आणि मागचे उजवे चाक एकाच वेळी उचलले गेले, आणि धोंड्यांवर असे वारंवार होते, तर चार चाकांची गाडी असूनही ती हतबल होते.

यावर सर्वांना प्रथम सुचणारा उपाय म्हणजे डिफरन्शियलला कुलूप घालणे. त्याच्या अनेक तऱ्हा आहेत. एका प्रकारात चकत्यांच्या घर्षणाने दोन्ही चाकांमधला फरक आवरला जातो. दुसऱ्यात वळणावर आपोआप सुटणारी खीळ असते. तिसऱ्यात चालक हवेच्या दाबाने किंवा तारेने हवे तेव्हाच कुलूप लावतो. आणि एक गावठी तऱ्हा म्हणजे आतली चक्रे वेल्डिंग करून कायमची जखडून टाकणे. ही शेवटची तऱ्हा शेताच्या चिखलात एक वेळ खपेल, पण दरीच्या काठाने जाणाऱ्या वाटेवर ती अविचाराची आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. रस्ता दरीकडे कलता आहे आणि त्यावर बर्फाचा पातळ थर आहे, अशी कल्पना करा. साध्या डिफरन्शियलच्या गाडीचे एक चाक घसरून फिरू लागले, तरी दुसरे जवळजवळ स्थिर राहते आणि ते गाडीची शेपटी जागेवर धरून ठेवते. गाडी पुढे जाणार नाही, पण बाजूलाही जाणार नाही. मागचा आस जखडलेला असेल तर दोन्ही चाके एकदम घसरतात. घसरत फिरणाऱ्या चाकाला आडवी पकड उरत नाही, आणि शेपटी रस्त्याच्या कलाने सरळ कड्याकडे जाऊ लागते. शिवाय जखडलेला आस वळणावर गाडीला सरळच ढकलत राहतो. चित्रेच्या चढणीवरील वळणांचा विचार करता हे काही शुभलक्षण नव्हे.

दुसरी अडचण लोखंडाच्या वयाची आहे. डिफरन्शियलपासून चाकापर्यंत जाणारे दोन दंड हा या जुन्या लँड रोव्हरचा प्रसिद्ध कमकुवत अवयव आहे. साध्या जुळणीत एका दंडावर मागच्या आसाच्या जोराच्या निम्म्याहून अधिक भार कधीच येत नाही. कुलूप लावल्यावर, एकच चाक टेकलेले असताना, सारा जोर एकाच दंडावर येऊ शकतो. त्यातून मंद गतीलाच भरपूर जोर देणारे डिझेल इंजिन पुढे बसलेले! साठ-सत्तर वर्षांच्या दंडाने हे सोसावे ही अपेक्षा फार झाली. म्हणून ज्याला कुलूप बसवायचेच असेल, त्याने चालकाच्या इच्छेने लागणारे व सुटणारे घ्यावे, आणि त्याआधी दोन्ही दंड नव्या, अधिक मजबूत पोलादाचे करून घ्यावेत. खर्चाचा क्रम उलटा केला तर दंड नेमका चढणीच्या मध्यावर तुटतो.

मग स्वस्तातला उपाय कोणता? तो डिफरन्शियलच्या बाहेर, बहुतेक सारा स्प्रिंगांच्या पाट्यांत आहे. चाक उचललेच गेले नाही तर कुलपाची गरजच थोडी उरते. जुन्या गाडीत पाट्यांच्या थरांमध्ये गंज साचतो, आणि पाटे एकमेकांवर सरकण्याऐवजी एका कड्या ठोकळ्यासारखे वागतात. अधिक माल लादता यावा म्हणून मालक त्यांत आणखी एखादा पाटा घालतो. गाडी भक्कम झाल्यासारखी वाटते, पण आता खड्डा आला की चाक खाली उतरत नाही, लोंबकळत राहते. पाटे सोडवून, घासून, ग्रॅफाइटचे वंगण देऊन आणि जास्तीचा पाटा काढून पुन्हा जोडले, की तीच गाडी धोंड्यांवर चारही पाय टेकून चालू लागते. हे काम किचकट आणि काळेकुट्ट आहे, पण त्याला बाहेरून काही मागवावे लागत नाही.

टायरची हवा हा दुसरा उपाय. चार-सहा पौंड हवा कमी केली की टायर दगडाला बिलगतो आणि त्याची जमिनीवरची छाप मोठी होते. मात्र फार उतरवली तर ट्यूब असलेला टायर कड्यावर फिरतो आणि तोंडाची नळी उपटून निघते. धारदार दगड बाजूची भिंत कापतात, ते वेगळेच. ओझे ठेवण्याचीही एक रीत आहे. जड सामान छपरावर नको आणि अगदी शेपटीशीही नको. ते मागच्या आसाच्या किंचित पुढे, तळाशी असावे. शेपटीला टांगलेले ओझे पुढची चाके हलकी करते आणि सुकाणू ऐकेनासे होते.

आणि चाक गरगरू लागलेच, तर चालक ब्रेक हलकेच दाबतो. फिरणाऱ्या चाकाला थोडा विरोध झाला की तेवढाच जोर टेकलेल्या चाकाकडे जातो, आणि पुष्कळदा तेवढ्यानेच गाडी खड्ड्याबाहेर येते. काँक्रीटवर याच्या उलट पथ्य आहे. कोरड्या, कठीण रस्त्यावर पुढचा व मागचा आस एकत्र जुंपून आखूड वळणे घेतली, तर दोहोंमध्ये पीळ साठतो आणि दांडा सुटता सुटत नाही. चार पावले मागे गाडी घेतली की तो सुटतो. जुन्या दंडांना या पिळाचाही त्रास होतो, हे नव्या रस्त्याचे अनपेक्षित फळ म्हणावे लागेल.

आपल्यापैकी कित्येकांच्या गावी, कोकणात वा मराठवाड्यात, जुनी विलीज जीप अजून चालू स्थितीत असेल. मुंबईला माझगावात १९४९ पासून जिची जुळणी होऊ लागली, तीच ही. तिलाही वरील बहुतेक सारे लागू पडते, आणि पुढील सूचना तर विशेषच. या दोन्ही जुन्या गाड्यांचा हातब्रेक चाकांवर नसतो. तो गिअरपेटीच्या मागे, मुख्य दंडावर असतो. चढावर पंक्चर झाले म्हणून मागचे एक चाक जॅकने उचलले, की डिफरन्शियल आपला स्वभाव दाखवते. उचललेले चाक हवेत उलटे फिरते, जमिनीवरचे चाक मोकळे होते आणि हातब्रेक ओढलेला असूनही गाडी उताराकडे चालू लागते. म्हणून जॅक लावण्यापूर्वी पुढची चाके जोडणारा दांडा ओढून ठेवावा, टेकलेल्या चाकांना उताराच्या बाजूने मोठे दगड लावावेत आणि मुलांना गाडीतून उतरवून चढाच्या अंगाला उभे करावे.