पुस्तक मिटून सोडव

सातारा,
रविवार

चि. मनू,


इन-सेम परीक्षेतल्या गणिताच्या पेपरचे फोटो पाठवलेस ते फार बरं केलंस. तीसपैकी अकरा एवढंच सांगितलं असतंस तर मला काहीच कळलं नसतं. पानं मोठी करून पाहिली तेव्हा बरंच कळलं. फोनवर तू म्हणालीस, "मावशी, मला कॅल्क्युलस जमतच नाही गं." पेपर तसं म्हणत नाही. फोनवर गणित बोलता येत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

तो टॅन इन्व्हर्सचा प्रश्न घे. ए शून्याहून मोठा, बी त्याहून मोठा. टॅन इन्व्हर्स बी वजा टॅन इन्व्हर्स ए ही वजाबाकी दोन अपूर्णांकांच्या मध्ये येते, हे लग्रांजच्या मध्यमान प्रमेयावरून दाखवायचं होतं. दोन्ही अपूर्णांकांचा अंश बी वजा ए. लहानाचा छेद एक अधिक बी वर्ग, मोठ्याचा एक अधिक ए वर्ग. तू प्रमेय अचूक लिहिलंस. फंक्शन बरोबर निवडलंस, डेरिव्हेटिव्ह बरोबर काढलंस, ए आणि बीच्या मध्ये एक सी असतो हेही लिहिलंस. त्या गणितातलं कॅल्क्युलस इथे संपलं, आणि ते सगळं तुला आलं होतं.

पुढे उरलं होतं ते एवढंच. सी हा एहून मोठा आणि बीहून लहान आहे. तिघेही धन आहेत, म्हणून वर्ग करून एक मिळवला तरी क्रम तोच राहतो. मग प्रत्येकाने एकाला भागलं की क्रम उलटतो. त्या उलटण्यापाशी तुझं पेन अडलं आहे. दोन ओळी खोडल्या आहेत, चिन्ह एकदा इकडे आणि एकदा तिकडे केलं आहे आणि खाली 'हेन्स प्रूव्ड' लिहिलं आहे. त्याला जोडून आलेला दुसरा भाग, म्हणजे ए एक आणि बी चार तृतीयांश धरून टॅन इन्व्हर्स चार तृतीयांशच्या मर्यादा काढणं, हा तर तू हातच लावलेला नाहीस. तिथे नुसता हिशेब होता. बी वजा ए एक तृतीयांश, एक अधिक बी वर्ग पंचवीस नवमांश, भागाकार तीन पंचविसांश. दुसऱ्या बाजूला एक षष्ठांश. दोन्हीकडे पाय बाय फोर मिळवला की झालं.

म्हणजे अडलीस ती शाळेतल्या असमतेपाशी. हे गणित वर्षानुवर्षं पेपरांत येतं, सोडवलेल्या पेपरांच्या पुस्तकात असतं, तुझ्या असाइनमेंटच्या फाईलमध्येही आहे. तुझ्याच अक्षरात, सुंदर समास आखून, निळ्या-काळ्या पेनाने लिहिलेलं. पण ते लिहिताना तो क्रम का उलटतो, हे स्वतःला विचारायची वेळच तुझ्यावर आली नव्हती, कारण पुढची ओळ समोर तयार होती.

याला मी आळस म्हणणार नाही. तू दोन वर्षं सीईटीची तयारी केलीस. गणितात ९० मिनिटांत ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, निगेटिव्ह मार्किंग नाही. तिथे चार पर्यायांत किंमत घालून पाहणं, दोन पर्याय बाद करणं, इंटिग्रलचं उत्तर उलटं डिफरन्शिएट करून ताडणं, हे सगळं शिकावंच लागतं. तू ते उत्तम शिकलीस, म्हणून तर आज त्या कॉलेजात आहेस. पण त्या दोन वर्षांत कोऱ्या पानावर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकटीने जाण्याची सवय मोडली, आणि इंजिनिअरिंगचा पेपर नेमकं तेच मागतो. त्यातून तुमच्या प्रवेशाचे कॅप राउंड लांबतात, पहिलं सत्र उशिरा सुरू होतं, आणि रोल आणि लग्रांज पचायच्या आत फूरिए सिरीज अंगावर येते. पोरं बिथरली तर नवल नाही.

मला खरा राग येतो तो फाईलच्या पद्धतीचा. सीनियरची पीडीएफ ग्रुपवर येते, रात्रीतून उतरवली जाते, सकाळी सही होते. टर्मवर्कचे गुण मिळतात आणि गणित होतं तिथेच राहतं. वर्गात सत्तर-सत्तर मुलं असताना शिक्षकांना प्रत्येक पान वाचणं शक्य नसतं हे मी जाणते, मीही त्या बाजूला उभी राहून नोकरी केली आहे. तरी सांगते, असाइनमेंट हा या विषयातला सगळ्यात मोलाचा भाग आहे आणि आपण त्याचं सुलेखन करून टाकलं आहे. फाईल लिही, सही घे, ते चुकवू नकोस. पण त्या फाईलला अभ्यास समजू नकोस. अभ्यासासाठी वेगळी रफ वही कर आणि ती कुणालाही दाखवण्यासाठी नको.

त्या वहीत काय करायचं ते सांगते. ज्या दिवशी लेक्चर होतं, त्याच रात्री त्यातली तीन-चार गणितं पुस्तक मिटून सोडवायची. सरांनी फळ्यावर केलेलंच गणित आधी घे, आकडेही तेच राहू देत. वर्गात लख्ख कळलेलं गणित रात्री तिसऱ्या ओळीला अडतं, तेव्हा माणूस चक्रावतो. ते अडणं फार कामाचं आहे. लगेच पुस्तक उघडू नकोस. काय दिलं आहे, काय हवं आहे, मध्ये कोणतं सूत्र बसेल, हे दहा-पंधरा मिनिटं खरडून पाहा. तरी सुटलं नाही तर पुस्तक उघड, फक्त अडलेली ओळ वाच, परत मीट आणि पुढे जा. आणि हे सगळ्यांत महत्त्वाचं: जिथे पुस्तक उघडावं लागलं त्या गणितावर खूण कर आणि दोन दिवसांनी ते पहिल्यापासून पुन्हा सोडव. पुस्तक न उघडता सुटलं तरच ते आलं असं धर.

अडलीस कुठे, तेही समासात एका शब्दात लिही. बीजगणित, ट्रिग, की नवीन कल्पना. दोन आठवड्यांत तुला दिसेल की बहुतेक ठिकाणी 'बीजगणित' आणि 'ट्रिग' आहे. इतकी वर्षं शिकवताना मी हेच पाहिलं: मुलं पार्शल डेरिव्हेटिव्हला घाबरतात आणि पडतात मात्र अपूर्णांकांच्या बेरजेत. असं दिसलं तर अकरावीचं पुस्तक काढायला लाजू नकोस. टू थीटाची सूत्रं, लॉगचे नियम, असमता. एका आठवड्याचं काम आहे आणि पुढची चार वर्षं ते पुरेल.

आता मागे पडलेल्याचं. तू म्हणालीस, युनिट वनपासून सगळं नव्याने सुरू करते. करू नकोस. तू युनिट वनमध्ये असशील तेव्हा वर्ग युनिट फोरमध्ये गेलेला असेल आणि तू कायमची मागे राहशील. तुमच्याकडे आता पार्शल डिफरन्सिएशन चालू आहे ना? त्याला फूरिए सिरीज लागत नाही. साधं डिफरन्सिएशन पक्कं असलं की पुरे, आणि ते तुझं आहे. उलट पुढचं युनिट, म्हणजे जेकोबियन, मॅक्सिमा-मिनिमा, लग्रांजचे मल्टिप्लायर, हे सगळं याच पार्शलवर उभं आहे. तेव्हा आज जे चालू आहे ते आजच पक्कं कर, आणि फूरिएसाठी शनिवारची दुपार राखून ठेव. मॅट्रिसेसचा या सगळ्याशी फारसा संबंध नाही, तिथे तुला कोरी सुरुवात मिळेल.

एकटीने किती आणि मैत्रिणींबरोबर किती, हेही तू विचारलं होतंस. यूरी ट्राइसमन नावाचा गणितज्ञ १९७०च्या दशकात अमेरिकेत बर्कलीला होता. तिथे पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसमध्ये आफ्रिकन-अमेरिकन विद्यार्थी मोठ्या संख्येने नापास होत आणि चिनी वंशाचे विद्यार्थी चांगले गुण मिळवत. प्राध्यापकांची कारणं तयार होती: तयारी कमी, घरचा पाठिंबा नाही, जिद्द नाही. ट्राइसमनने विद्यार्थी प्रत्यक्ष अभ्यास कसा करतात ते जवळ जाऊन पाहिलं, आणि ती कारणं टिकली नाहीत. नापास होणारी मुलं मेहनती होती. वर्गाला हजर राहत, होमवर्क वेळेवर देत. पण सगळं एकटीच करत. दुसरी मुलं आधी एकटी सोडवत, मग संध्याकाळी एकत्र बसून उत्तरं ताडत, एकमेकांची चूक शोधत, जुने पेपर सोडवत. आपण नेमके कुठे आहोत हे त्यांना परीक्षेच्या आधीच ठाऊक असे. यावर ट्राइसमनने कच्च्या मुलांसाठी सोपा वर्ग काढला नाही. त्याने गटात सोडवायला वर्गापेक्षा अवघड गणितं दिली, आणि ती मुलं वर आली. मला या गोष्टीतलं हे फार आवडतं.

तुझ्या खोलीत तुम्ही तिघी आहात. आठवड्यातली एक संध्याकाळ ठरवा. पण आधी प्रत्येकीने आपापली वही भरलेली हवी. नाहीतर एक सोडवते, दोघी माना डोलावतात आणि दोघींना वाटतं आपल्यालाही आलं. जिचं उत्तर वेगळं आलं आहे तिने आपली ओळ न् ओळ बोलून दाखवायची, बाकीच्यांनी मध्ये तोंड घालायचं नाही. चूक बहुधा तिची तिलाच सापडते.

परीक्षा जवळ आली की युनिटवार सराव थांबव आणि गणितं मिसळ. फ्लोरिडातल्या रोरर आणि टेलर यांनी २००७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या मुलांना चार प्रकारच्या घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. काहींनी एका प्रकारची सगळी गणितं करून मग दुसरा प्रकार घेतला, काहींना चारही प्रकार मिसळून दिले. सराव करताना पहिला गट बराच पुढे होता. आठवड्याने चाचणी घेतली तेव्हा त्याला सरासरी २० टक्के पडले आणि मिसळून सोडवणाऱ्यांना ६३ टक्के. कारण उघड आहे. एकाच प्रकारची दहा गणितं ओळीने करताना पद्धत निवडावीच लागत नाही, आणि पेपरात पहिलं काम तेच असतं. तेव्हा जुन्या पेपरांतले प्रश्न चिठ्ठ्यांवर उतरव, युनिटचं नाव लिहू नकोस, आणि येईल ती चिठ्ठी उचल. सुरुवातीला वाईट जाईल. जाऊ दे.

आयएमपीच्या याद्या आणि आदल्या रात्रीचे 'वन शॉट' व्हिडिओ यांचं काय, असं तू विचारशीलच. उजळणी म्हणून पाहा. सगळं येतंय असं वाटायला लागलं की व्हिडिओ बंद कर आणि तेच गणित वहीत करून बघ. पेपरात मात्र सूत्र लिही, कुठल्या अटीवर ते लागू होतं ते लिही, आणि अडलीस तरी तिथवरच्या पायऱ्या स्वच्छ ठेव. तपासणारा पायरीला गुण देतो. तुझे या वेळचे निम्मे गुण अशाच पायऱ्यांचे आहेत.

तुझ्या आईला मी समजावलं आहे, ती आता रोज अभ्यासाचं विचारणार नाही. आणि रात्री दोनपर्यंत जागणं बंद कर, झोपेला आलेलं डोकं चिन्ह चुकवतं.

पुढच्या रविवारी चारला मी मोकळी आहे, व्हिडिओ कॉल कर. तोवर एक गणित पुस्तक मिटून करून ठेव. यू म्हणजे टॅन इन्व्हर्स, कंसात एक्स घन अधिक वाय घन भागिले एक्स वजा वाय. एक्स गुणिले यूचं एक्ससापेक्ष पार्शल, अधिक वाय गुणिले यूचं वायसापेक्ष पार्शल, बरोबर साइन टू यू, हे ऑयलरच्या प्रमेयावरून दाखव. सूत्रात हात घालण्याआधी यू स्वतः होमोजीनियस आहे का ते तपास, आणि नसेल तर काय आहे ते शोध. अडलीस तर अडलेलं पानच फोटो काढून पाठव, खोडाखोडीसकट.

तुझी,
मावशी