वारशाचं वावर

रिसोड-मंगरूळपीरकडे बापाचं वावर पोराच्या नावावर चढतं, फेरफार होतो, सातबारा हाती येतो. पण सोयाबीन काही त्या कागदावर उगवत नाही. सिनेमातल्या घराणेशाहीवर वाद निघाला की कागद आणि पीक हमखास एकच धरलं जातं. अभिनेत्री नूतनचा कागद तर भक्कमच होता. आई शोभना समर्थ म्हणजे 'रामराज्य'मधली (१९४३) सीता, आणि तिनंच १९५० साली 'हमारी बेटी' काढून चौदा वर्षांच्या लेकीला पडद्यावर आणलं. हा वशिला नव्हता असं मी म्हणणार नाही. मधे शिकायला स्वित्झर्लंडला जायचं आणि परत येऊन नायिका व्हायचं, ही चैन तरी कुणाला परवडते? घराणं यश देत नसेल, पण सवड देतं, आणि भूमिहीनाच्या गुणी लेकीला नेमकी तीच मिळत नाही. पाच वेळा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं फिल्मफेअर, हा नूतनचा आकडा पुढे गाठला तोही भाची काजोलनं. तेव्हा 'बघा, शेवटी घराणंच!' म्हणणाऱ्यांनाही जागा आहेच.

तरीही ते पाच सिनेमे ओळीनं मांडून पाहावेत. 'सीमा' १९५५, 'सुजाता' १९५९, 'बंदिनी' १९६३, 'मिलन' १९६७. बरोबर चार-चार वर्षांनी, जणू फेरपालटाचं पीक. पाचवा 'मैं तुलसी तेरे आंगन की' १९७८चा, म्हणजे बेचाळिशीतला. वशिल्याची ओल एवढी खोल जात नाही. यावर कुणी म्हणेल, दिग्दर्शक बिमल रॉय भेटले म्हणून 'सुजाता' आणि 'बंदिनी' झाले. खरं आहे. पण 'बंदिनी'तला विषाचा प्रसंग आठवा. बाहेर लोखंडावर घण पडतायत, वेल्डिंगचा उजेड नूतनच्या कल्याणीच्या चेहऱ्यावर लखकन येतो आणि विझतो, आणि तिच्या तोंडी एक शब्द नाही. उजेड दिग्दर्शकाचा, आवाजही त्याचाच. पण अपमान डोळ्यांत साचत साचत एका क्षणी थंड होतो, ते बाहेरून कुणी लावून देऊ शकत नाही. ते आईकडूनही आलेलं नव्हतं. आईची सीता समोर उभं राहून दर्शन घ्यावं अशी. लेकीचा चेहरा काहीतरी दडवून ठेवणारा. शिवाय लग्न झालं की नायिका संपली असं मानण्याच्या त्या काळात 'बंदिनी' आला तो लग्नानंतर चार वर्षांनी, पदरात मूल असताना.

१९७३च्या 'सौदागर'मध्ये नूतन खजुराच्या रसाचा गूळ करणारी विधवा आहे. अमिताभ बच्चनचा मोती केवळ तिच्या हातच्या गुळासाठी तिच्याशी निकाह लावतो, आणि मेहेरपुरते पैसे जमताच तिला तलाक देऊन देखणी फूलबानो घरात आणतो. रस तोच, गिऱ्हाईक तेच. गूळ मात्र करपायला लागतो. शेवटी रसाची मडकी घेऊन मोती पहिलीच्याच दारात येऊन उभा राहतो.