सेवाग्रामच्या वाटेवरचा पियानो

वर्ध्याला जाणारी मंडळी काय पाहायला जातात, हे सांगायला नको. सेवाग्रामची बापू-कुटी, पवनारला धाम नदीच्या काठी विनोबांचा आश्रम, आणि वेळ उरलाच तर गावातलं लक्ष्मीनारायणाचं देऊळ. जमनालाल बजाजांनी ते १९२८ साली अस्पृश्य मानलेल्या समाजाला खुलं केलं. हे सगळं जरूर पाहावं. पण यंदा दिवाळीच्या सुट्टीत कुणी तिकडे निघालंच, तर त्यांनी मनात आणखी एक वस्तू ठेवावी. ती तिथे दिसणार नाही, पण तिच्यावाचून तिथली एक गोष्ट कळणारही नाही. ती वस्तू म्हणजे पियानो!

वर्धा शहरापासून सेवाग्राम सातआठ किलोमीटर. दिवाळीच्या सुमारास काळ्या रानात कपाशीची बोंडं फुटलेली असतात. आश्रमात शिरलं की पिंपळाजवळचं प्रार्थनेचं मोकळं मैदान, आणि भोवती बसकी कौलारू घरं. बापू-कुटीत पादत्राणं बाहेर ठेवून जावं. आत माती, बांबू, चटई. शहरातल्या एका दिवाणखान्यात मावेल एवढाच संसार. मात्र भिंतीकडे नीट पाहा. मातीच्याच उठावात तिथे ताडाची झाडं काढलेली आहेत. हे हात मीराबेनचे. आज बापूंच्या नावाने ओळखली जाणारी ही कुटी मुळात त्यांची. गांधीजी तिथे नंतर राहायला आले.

मीराबेन म्हणजे पूर्वाश्रमीची मॅडेलिन स्लेड. जन्म १८९२ चा, इंग्लंडातला. वडील आरमारातले बडे अधिकारी. घरी पियानोला जोडायचं एक यंत्र आणलं होतं. भोकं पाडलेली कागदाची गुंडाळी त्यात घालायची आणि पायटे मारायचे. सूर आपोआप उमटत. म्हणजे वाजवणाऱ्याला काही कामच नाही? तसं नव्हे. कोणते सूर, हे कागद सांगे. पण ते किती वेगाने, किती जोरात, कुठे थबकून, हे बसणाऱ्याने हातातल्या दांड्यांनी ठरवायचं. त्या यंत्रावर कोवळ्या वयात मॅडेलिनने बीथोव्हेनचा एक सोनाटा ऐकला, आणि तिचं आयुष्यच वळलं.

हा सोनाटा ऑपस ३१ मधला दुसरा, १८०२ च्या सुमाराचा. आरंभी एक संथ, उलगडत जाणारा स्वरसमूह येतो आणि लगेच वादळ उठतं. पुढे एके ठिकाणी एकच सूरमालिका एकटी बोलू लागते. तिथे बीथोव्हेनने लिहून ठेवलं आहे की पायातली पट्टी दाबून धरा. ही पट्टी दाबली की सूर विरत नाहीत, एकमेकांत मिसळत राहतात. त्याच्या काळच्या पियानोत ते लौकर मावळत. आजच्या दणकट पियानोत धुकं दाटतं. मग काही वादक हुकूम पाळून ते धुकं तसंच राहू देतात, काही पट्टी हळूच अर्धी सोडतात. आपलं वाजवणं बीथोव्हेनला धरून आहे, असं दोघेही म्हणतात!

आपल्याकडे यमनची एकच बंदिश दोन घराण्यांत दोन रूपं घेते, त्याचं आपल्याला नवल वाटत नाही. गवय्याला ती मोकळीक असतेच. तिकडे मात्र एकेक सूर छापलेला, आणि तरीही वादक वेगळा ओळखू येतो. बीथोव्हेनच्या आधीच्या बाखने तर जोर-हळू, वेग यांच्या सूचना फारशा लिहिल्याच नाहीत. त्यामुळे बाखची पेटीवाद्यांसाठीची रचना पियानोवर घेणाऱ्याला प्रत्येक ओळीत स्वतः ठरवावं लागतं. लहानपणी बीथोव्हेन बाखच्या याच प्रस्तावना आणि फ्यूग वाजवून तयार झाला होता. हान्स फॉन ब्यूलो हा जर्मन वादक बाखच्या त्या संग्रहाला जुना करार म्हणे आणि बीथोव्हेनच्या सोनाट्यांना नवा.

या ब्यूलोचा आणि लिस्टचा शिष्य फ्रेडरिक लॅमंड. ग्लासगोचा हा वादक बीथोव्हेनसाठीच नावाजलेला. बैठकच्या बैठक एकट्या बीथोव्हेनची करी. मॅडेलिनला आपला वादक सापडला. पहिल्या महायुद्धानंतर लंडनमध्ये जर्मन नावाचाही तिटकारा होता, तेव्हा तिने त्याचे कार्यक्रम घडवून आणले. बीथोव्हेनच्याच ओढीने ती रोमां रोलांपाशी गेली. बीथोव्हेनवर लिहिणाऱ्या या फ्रेंच लेखकाने तिला गांधींचं नाव सांगितलं. १९२५ च्या नोव्हेंबरात ती साबरमतीला पोचली, मीरा झाली. पुढे सेगाव, म्हणजे आजचं सेवाग्राम, इथे ती गांधीजींच्याही आधी येऊन राहिली. १९३६ साली ते तिथे आले.

१९३१ च्या डिसेंबरात, गोलमेज परिषदेहून परतताना, गांधीजी स्वित्झर्लंडात रोलांकडे उतरले. मीराला आपल्यापर्यंत आणणारं संगीत त्यांना ऐकायचं होतं. रोलांनी पाचव्या सिंफनीचा संथ भाग पियानोवर ऐकवला. शेकडो तारांचं आणि पाव्यांचं काम दहा बोटांवर! तीही एक मांडणीच.

मीराबेनच्या हाती मात्र सेगावात चरखा आला, माती आली. त्यांनी काय सोडलं, याचा अंदाज १९५९ साली येतो. भारतातली तेहेतीस वर्षं मागे ठेवून त्या परतल्या आणि पुढे राहिल्या त्या ऑस्ट्रियात, बीथोव्हेनच्या व्हिएन्नाच्या परिसरात. १९८२ साली तिथेच वारल्या. त्याआधी भारताने त्यांना पद्मविभूषण दिलं होतं.

काहींना यात पराभव दिसतो. मला दिसत नाही. वादकाने रचनेला वाहून घ्यायचं आणि आपलं माणूसपण पुसूही द्यायचं नाही, हे कठीण काम त्यांनी दोन्हीकडे केलं. गांधीजींनी साधेपणाचे नियम घालून दिले होते. सूर ठरलेले होते. पण त्या कोऱ्या मातीच्या भिंतीवर ताडाची झाडं उमटवा, असं कुणी लिहून ठेवलं नव्हतं.