निंदणाच्या बाया

राजुऱ्याकडच्या कापूसवाल्याला फवाऱ्याचं भय वाटतं ते एकाच तऱ्हेचं: चक्कर, उलटी, डोळ्यांपुढे अंधारी. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर फवारणीच्या विषबाधेने गेले, तेव्हा माझं मत आणखीच पक्कं झालं. पंप ज्याच्या पाठीवर, धोका त्याला. त्याला मास्क द्या, हातमोजे द्या. संप्रेरकांत ढवळाढवळ करणारी रसायनं वगैरे भाषा मला शहरातल्या प्लास्टिकच्या बाटल्यांपुरती वाटे. इथे माणसं मरताहेत अन् हे संशोधक शुक्राणू मोजत बसलेत, असं मी चारचौघांत बोललोही आहे.

हे मत हललं ते कासरगोडच्या अभ्यासामुळे. केरळातल्या त्या जिल्ह्यात काजूच्या बागांवर वीस वर्षांहून जास्त काळ आकाशातून एन्डोसल्फान हे कीटकनाशक फवारलं गेलं. तेच एन्डोसल्फान 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने थांबवेपर्यंत विदर्भातल्या पराटीवरही मारलं जाई. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने बागांच्या पायथ्याच्या गावातली 10 ते 19 वर्षांची 117 मुलं तपासली आणि फवाऱ्यापासून दूरची 90. निष्कर्ष 2003 मध्ये छापून आले. बागांखालच्या मुलांना वयात यायला उशीर होत होता, टेस्टोस्टेरॉन कमी भरत होतं. ही शाळकरी पोरं, फवारणीचे मजूर नव्हेत. वृषण खाली न उतरणं, जन्मजात हर्निया असे दोष तिथे 5.1 टक्के, दूरच्या मुलांत 1.1. पण एवढ्या लहान संख्येत हा फरक योगायोगाचाही असू शकतो, हे त्याच अभ्यासात नोंदलेलं आहे. खरं तर तिथेच माझा त्यावर विश्वास बसला.

मग वाचत गेलो. पोटातल्या मुलाचं वृषण सातव्या आठवड्याच्या सुमारास घडू लागतं. साधारण आठव्या ते चौदाव्या आठवड्यात त्यातून पाझरणारं टेस्टोस्टेरॉन पुढची पुरुषी घडण ठरवतं. शुक्राणूंना पोसणाऱ्या सर्टोली पेशीही गर्भातच वाढीला लागतात, आणि त्या कमी पडल्या तर मोठेपणी शुक्राणूही कमीच. डेन्मार्कचे संशोधक नील्स स्काकेबेक यांनी 2001 मध्ये मांडलं की न उतरलेलं वृषण, घटलेले शुक्राणू आणि वृषणाचा कर्करोग यांचं मूळ गर्भातल्या एकाच बिघाडात असू शकतं.

आता आमचं शेत बघा. पंप गडी उचलतो. पाणी बाया आणतात, निंदण बाया करतात, फवारलेल्या तासांतून पानांना अंग घासत. लग्नं उन्हाळ्यात, म्हणजे कितीतरी नव्या सुनांना दिवस राहतात ते फवाऱ्याच्याच महिन्यांत. त्यात तिसरा महिना सरेपर्यंत कुणाला सांगायचं नाही, ही रीत. मास्कच्या हिशोबात ती बाई कुठेच नाही. आणि उद्या तिच्या पोराला मूल झालं नाही, तर बोट त्याच्या बायकोकडे.

गावातल्या प्रत्येक निपुत्रिकाचं खापर फवाऱ्यावर फोडायला मी आजही तयार नाही. पण माझ्या शेतात फवारा झाला की काही दिवस निंदण बंद. कोण पोटुशी आहे हे विचारून कळत नाही, म्हणून सगळ्याच बायांना बंद. नियम सांगितला तशी एक जण म्हणाली, "भाऊ, घरी बसवता, मंग मजुरी कोन देईन?" अर्धी देतो म्हटलं. शेजारच्या शेतात पूर्ण मिळत होती; ती तिकडे गेली. तिथेही आदल्याच दिवशी फवारा झाला होता.