इस्लामपूरची एक खेप

गेल्या माघांत आम्हांस इस्लामपुरास जाण्याचा योग आला. योग म्हणावयाचें तें शिष्टाचारापुरतें. वस्तुतः चिरंजीव पुतण्यानें फोनवर जो तगादा लाविला होता, त्यापुढें आमच्या गुडघ्यांची सबब टिकली नाहीं. आमचे वडील बंधु कैलासवासी दादा यांनीं हौसेनें घेतलेला एक जुना ट्रॅक्टर वाळवें तालुक्यांतील आमच्या सामाईक शेतावर आहे. त्याची शक्ति वाढवून घ्यावी, एका ट्रॉलीच्या जागीं उसाच्या दोन ट्रॉल्या त्यास जोडाव्या आणि कारखान्याच्या हंगामांत भाड्यानें वाहतूक करावी, असा पुतण्याचा बेत होता. ट्रॅक्टर सामाईक, तेव्हां आमची संमति हवी. दुसरी ट्रॉली त्यानें कर्ज काढून अगोदरच घेतली होती, हें मात्र आम्हांस तेथें पोंचल्यावर कळलें.

पुण्याहून निघून कऱ्हाड मागें टाकलें आणि पेठ नाक्यावर एस. टी. डावीकडे वळली, कीं उसाचें राज्य सुरू होतें. दुतर्फा ऊस, आणि रस्त्यावरही ऊसच. बैलगाड्या अजून अगदींच नाहींशा झालेल्या नाहींत. परंतु खरी रांग ट्रॅक्टरांची. साखराळें येथील राजारामबापू पाटील सहकारी साखर कारखान्याच्या वाटेवर ती पाहावी. एकेका ट्रॅक्टरामागें दोन दोन ट्रॉल्या, वर गाण्यांचा कल्लोळ, आणि चढाला लागतांच धुराड्यांतून निघणारा काजळाचा लोट. शेजारीं बसलेल्या एका तरुणानें त्या लोटाकडे कौतुकानें पाहून म्हटलें, “काय ताकद हाय बघा!” आम्हांसही त्या वेळीं तें खरेंच वाटलें.

इस्लामपूर हें वाळवें तालुक्याचें मुख्य ठिकाण. जुनीं माणसें अजून उरुण म्हणतात. नगरपरिषदेनेंही दोन्ही नांवें जोडून चालविलीं होतीं. २०२५ सालीं राज्य शासनानें गांवाचें नांव ईश्वरपूर करण्याचा निर्णय घेतला. आमच्या जिभेस जुनें वळण आहे, तें एकाएकीं जाईल असें वाटत नाहीं. वाचकांनीं क्षमा करावी. यंत्रांचा आणि या मुलखाचा संबंध मात्र कोणत्याही नांवापेक्षां घट्ट आहे. कृष्णेपलीकडे किर्लोस्करवाडी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं औंध संस्थानच्या माळरानावर ती वसविली. त्यांनीं लोखंडी नांगर काढला तेव्हां लोखंडानें जमीन विषारी होते या समजुतीनें शेतकरी त्यास शिवेनात, असें सांगतात. आज त्याच शेतकऱ्यांचे पणतू ट्रॅक्टरच्या पंपाचा स्क्रू कोणत्या बाजूस फिरवावा यावर पारावर वाद घालतात.

मिस्त्रींची शाळा (आम्ही तिला शाळाच म्हणूं) बाजाराच्या एका टोकास पत्र्याच्या छपराखालीं आहे. गृहस्थ वयानें आमच्याच बरोबरीचे. पुतण्यानें ट्रॅक्टर आदल्या दिवशींच आणून उभा केला होता. मॉडेल बी-२७५. महिंद्र कंपनीनें अमेरिकेंतील इंटरनॅशनल हार्वेस्टरशीं १९६३ सालीं भागीदारी केली, तींतून आपल्याकडे आलेला हा वाण. चार सिलिंडरांचें डिझेल इंजिन, आणि कंपनीनें सांगितलेली शक्ति सुमारें पस्तीस अश्वशक्तींची.

या अश्वशक्तीची गंमत आम्ही वर्गांत अनेक वर्षें सांगत असूं. जेम्स वॅटनें ठरविलें कीं तेहतीस हजार पौंड ओझें एका मिनिटांत एक फूट उचलावयाचें, तें एका घोड्याचें काम. पण दिवसभर असें राबणारा घोडा विरळाच. आपल्या बैलजोडीची सतत काम करण्याची शक्ति या मापानें एकाहून थोडी कमीच भरते. वैदिक वाङ्मयांत सहा, आठ, बारा बैलांच्या नांगरांचे उल्लेख येतात ते उगीच नव्हेत. दादांना हा विषय प्रिय होता. ट्रॅक्टर घरीं आला त्या दिवशीं त्यांनीं त्याचें नांव सीरपाणि ठेविलें. बलरामाचें हें नांव गांवांत कोणाच्या तोंडीं बसलें नाहीं. सर्वांनीं त्याचा ‘शिरप्या’ केला, आणि दादाही शेवटीं शिरप्याच म्हणूं लागले.

पुतण्यानें आपली मागणी सांगितली: पंप वाढवा, स्क्रू आवळा, जमल्यास टर्बो बसवा. मिस्त्रींनीं उत्तर न देतां इंजिन सुरू केलें, धुराकडे पाहिलें आणि बंद केलें. मग हवेच्या गाळणीची खालची वाटी काढून आमच्यापुढें धरिली. तींत तेल असावयाचें, होता चिखल.

“गुरुजी,” ते म्हणाले, “ह्याला दम न्हाई असं न्हाई. ह्याचा दम कोंडलाय.”

पुढील तासभर आम्ही विद्यार्थी होतों आणि ते गुरुजी. डिझेलच्या इंजिनांत ठिणगी नसते. रुडोल्फ डिझेलनें १८९७ सालीं जें यंत्र चालवून दाखविलें त्याचें मर्म हेंच, कीं हवा इतकी दाबावयाची कीं ती आपोआप तापावी, आणि त्या तापलेल्या हवेंत तेलाचा तुषार सोडतांच त्यानें पेट घ्यावा. एक भार डिझेल पुरतें जाळावयास चौदा-पंधरा भार हवा लागते; व्यवहारांत त्याहून अधिकच द्यावी लागते. पंपाचा स्क्रू फिरविला कीं डिझेल वाढतें, हवा वाढत नाहीं. न जळलेलें तेल काजळी होऊन बाहेर पडतें, आणि आंत उष्णता एवढी चढते कीं पिस्टनचा माथा वितळावा. म्हणजे रस्त्यावर ज्या लोटाला तो तरुण ताकद म्हणाला, तो बहुतांशीं वायां चाललेल्या तेलाचा लोट होता. हवा वाढविण्याचें काम टर्बो करतो हें खरें. बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर पंखा फिरवून तो हवा आंत कोंबतो. परंतु ज्या इंजिनाचे बेअरिंग, हेड आणि पाण्याची व्यवस्था त्या भारासाठीं घडविलेली नाहीं, त्यावर तो बसविणें म्हणजे साठीच्या मास्तरास आखाड्यांत उतरविणें. हा दृष्टान्त मिस्त्रींचा. आमच्याकडे पाहूनच त्यांनीं तो दिला.

काम तीन दिवस चाललें. नोझल काढून तपासले. दोन तुषार सोडण्याऐवजीं ठिबकत होते. व्हॉल्व्ह घासून बसविले, टॅपेटचें अंतर ठेविलें, रिंगा बदलल्या, पंप यंत्रावर लावून कंपनीच्या मापावर आणिला आणि डिझेल सुटण्याची वेळ जुळविली.

मधल्या दिवशीं आम्ही बहें येथें जाऊन आलों. कृष्णेच्या पात्रांतील बेटावर रामलिंगाचें देऊळ आहे आणि समर्थांच्या अकरा मारुतींपैकीं एक मारुति. रामचंद्र पूजेस बसले असतां नदीस पूर आला, मारुतीनें दोन्ही बाहू पसरून तो थोपविला, म्हणून प्रवाह दुभंगला आणि बाहूंवरून गांवाचें नांव बहें पडलें, अशी तेथील कथा. माघांत पाणी उथळ, खडक उघडे. द्रोणागिरि आणणाऱ्या मारुतीचीं चित्रें आम्हीं शेंकडों पाहिलीं आहेत. येथील मारुतीची ख्याति मात्र अडविण्याबद्दल आहे. पुतण्या बरोबर होता. तो घाटावर बसून हप्त्यांचा हिशेब सांगत होता. थोरलीचें अभियांत्रिकीचें पहिलें वर्ष, फी दोन ठिकाणीं उसनी घेतलेली. “काका, एका ट्रॉलीत भागत नाहीं,” एवढेंच तो पुनः पुनः म्हणे. आमच्यापाशीं त्यास उत्तर नव्हतें.

तिसऱ्या दिवशीं मिस्त्रींनीं ओढण्याचें शास्त्र सांगितलें, तें घरोघरच्या तरुणांनीं ऐकावें असें आहे. इंजिनांत कितीही बळ असो, तें जमिनीवर उतरतें मागल्या चाकांच्या पकडीनें. तेथें भार नसेल तर चाक जागच्या जागीं फिरतें. म्हणून चाकांस बिडाचीं वजनें लावितात, टायरांत पाणी भरितात. ओढ लावण्याची जागा खालीं असावी. मागल्या आंसाच्या वर साखळी बांधली तर पुढचीं चाकें उचलतात आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्यावर मागें उलटतो. आमचा एक विद्यार्थी असाच गेला. पांचव्या बाकावर बसे, अक्षर फार सुरेख होतें. त्याच्या घरीं गेलों तेव्हां त्याच्या आईनें आम्हांस त्याची जुनी वही आणून दाखविली होती.

“आन् गुरुजी, दोन ट्रॉल्या हा वढलबी,” मिस्त्री शेवटीं म्हणाले, “पर उताराला थांबवणार कोण? ब्रेक फकस्त ह्याच्या मागल्या दोन चाकांना. ट्रॉलीला ब्रेकच न्हाईत.”

पुतण्या कांहींच बोलला नाहीं.

संध्याकाळीं भरलेली एक ट्रॉली लावून गांवाबाहेरच्या चढावर परीक्षा झाली. पूर्वी ज्या ठिकाणीं गिअर खालीं घ्यावा लागे तेथें शिरप्या वरच्याच गिअरांत सरळ गेला. धूर पुसट राखी. दादांच्या वेळचा तो एकसारखा टणटणीत आवाज आम्हीं बऱ्याच वर्षांनीं ऐकिला. आमच्या डोळ्यांत पाणी आलें, तें धुळीमुळें आलें असें आम्हीं सांगितलें.

दोन ट्रॉल्यांस आम्हीं संमति दिली नाहीं. रात्रीं जेवतांना पुतण्यानें दोनदां पाणी मागितलें, याखेरीज शब्द नाहीं. सूनबाईनें वाढतां वाढतां हलकेंच विचारिलें, “मग ट्रॉलीचं काय करायचं, काका?” आम्हीं निवृत्तिवेतनांतून या वर्षाच्या फीचा अर्धा भार घेतों म्हणालों, तो तिनें मानिला, त्यानें ऐकून न ऐकल्यासारखें केलें. सकाळीं आम्हांस एस. टी.च्या थांब्यावर पोंचवावयास मात्र तोच आला, ट्रॅक्टरवर बसवून.

परवां त्याचा फोन आला. डिझेल पूर्वीपेक्षां कमी लागतें, खेपा दिवसांत लवकर उरकतात, कधीं एक अधिक होते. दुसऱ्या ट्रॉलीस गिऱ्हाईक येऊन गेलें, भाव पाडून मागत होतें. अजून विकलेली नाहीं; गोठ्यामागें उभी आहे, आणि धाकट्यानें तींत कोंबड्या ठेविल्या आहेत.