बंगळुरूच्या गारव्यात तापणारी फियाट

बंगळुरूला गाडी तापते, हे पुण्या-मुंबईच्या माणसाला सांगून पटत नाही. समुद्रसपाटीपासून ९०० मीटरवर वसलेलं हे शहर. एप्रिलमध्येही संध्याकाळी वारा गार लागतो. पण जुन्या फियाटला हवेपेक्षा रस्त्याचं अधिक कळतं. पुण्याहून निघून कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, चित्रदुर्ग असे ८०० हून अधिक किलोमीटर निमूटपणे कापणारी प्रीमियर पद्मिनी तुमकूर रस्त्यानं शहरात शिरते, आणि यशवंतपूरच्या गर्दीत तिचा काटा लालकडे सरकू लागतो. मोकळ्या रस्त्यावर समोरचा वारा रेडिएटर गार ठेवत असतो. गर्दीत सगळी मदार पंख्यावर. आणि पद्मिनीचा पंखा इंजिनाच्याच बेल्टवर फिरतो, म्हणजे इंजिन मंद झालं की तोही मंद!

त्यात उंचीची भर. एवढ्या उंचीवर उघड्या भांड्यातलं पाणी १०० नव्हे, ९७ अंशांच्या आसपासच उकळतं. रेडिएटरचं झाकण कुकरच्या झाकणासारखं दाब धरून ठेवतं, म्हणून एरवी निभावतं. त्या झाकणाची रबरी चकती सुकली, की गृहिणींना वेगळं सांगायला नको, दाब धरत नाही. थोड्या पैशांची ही चकती, पण तिच्यापायी इंजिन उघडायची वेळ आलेली असते.

गाडी नुसती तापली तर उभी करता येते. तापून बंद पडली आणि पुन्हा सुरूच होईना, मागे हॉर्नचा कल्लोळ, आत मुलं घामाघूम, अशा वेळी माणूस नको ते करतो. कलासीपाळ्यातल्या एका गॅरेजच्या दारात एक गृहस्थ वाफाळत्या इंजिनावर गार पाण्याची बाटली ओतायला निघाले होते, तोच आतून मिस्त्री ओरडला, ‘‘पानी नक्को!’’ शहाजीराजांची जहागीर असलेल्या या शहरात दखनी बोलणाऱ्याच्या तोंडून आपला ‘नको’ ऐकून बरं वाटलं. सल्लाही अगदी रास्त. तापलेल्या धातूवर एकदम गार पाणी पडलं तर इंजिनाला तडा जाऊ शकतो. आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.

मिस्त्रीनं आधी सेल्फ मारायला सांगून नुसतं ऐकलं. इंजिन फिरलंच नाही, नुसती ‘टक्’ झाली, तर संशय बॅटरीवर. पण तेवढ्यावर थांबायचं नाही. पद्मिनीत पंखा, पाण्याचा पंप आणि बॅटरी चार्ज करणारा डायनामो हे सगळे एकाच बेल्टवर चालतात. म्हणून गाडी तापली आणि बॅटरीही बसली, असं एकाच दिवशी झालं, तर बेल्ट तुटला किंवा सैल झाला का ते आधी पाहावं.

त्या गृहस्थांची गाडी मात्र फिरत होती, पेट घेत नव्हती. मग दोनच शक्यता उरतात, पेट्रोल किंवा करंट. पेट्रोलचा पंप इंजिनालाच जोडलेला असल्यानं उष्णतेनं आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला ती ओढता येत नाही. ओलं फडकं पिळून पंपाला गुंडाळलं, अर्धा तास थांबलं, की गाडी सुरू होते. गंमत अशी, की गरम होऊन दगा देणारी कॉइलदेखील अर्ध्या तासानं गार होऊन तशीच चालू लागते! म्हणून मिस्त्री गाडी गरम असतानाच प्लगची वायर काढून ठिणगी पाहतो. ठिणगी निळी, खणखणीत असेल तर दोष पेट्रोलचा. मिणमिणती किंवा नसेलच तर मुख्य संशय कॉइलवर. गार झाल्यावर सुरू झाली म्हणून हुश्श करत निघालेल्याला ती पुढच्या सिग्नलला पुन्हा गाठते. (ठिणगीची ही परीक्षा घरच्यांनी करू नये; पेट्रोलचा वास येत असताना तर नाहीच.)

एक लक्षण मात्र टाळू नये. ऑइलची पट्टी काढून पाहिल्यावर ऑइल दुधाळ दिसलं, किंवा मागून पांढरा धूर थांबेचना, तर हेड गॅस्केट गेलं असण्याची दाट शक्यता. मग किल्लीला हात लावू नये, गाडी ओढूनच न्यावी.

सुट्या भागांसाठी जे. सी. रोडला पर्याय नाही. टाउन हॉलपासून मिनर्व्हा सर्कलपर्यंतचा हा रस्ता म्हणजे बेअरिंग, बेल्ट आणि गॅस्केटची पेठच. पद्मिनी बनायची थांबली त्याला दोन तपं झाली, अ‍ॅम्बॅसॅडर २०१४ साली थांबली; तरी इथे विचारायला लाज वाटत नाही. जुना भाग हातात घेऊनच जावं, नावापेक्षा नमुना लवकर कळतो. पेट्रोलची रबरी नळी बदलताना इथेनॉल सोसणारीच मागावी. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुन्या रबराला ते मानवत नाही.

गाडी मिस्त्रीकडे असेपर्यंत मंडळींना जवळच्या लालबागेत सोडावं. तिथल्या खडकावरच्या केंपेगौडांच्या बुरुजापर्यंत चढून येईतो तासभर सहज जातो. परतीला मात्र डिकीत पाच लिटर पाणी, एक जास्तीचा बेल्ट आणि जुनं फडकं ठेवून पहाटेच निघावं, म्हणजे सिग्नल जागे होण्याआधी यशवंतपूर मागे पडतं.