चालतं का हो हे?

आमच्या देगलूरच्या बाजारात मराठी चालते, तेलुगू चालते, कन्नड चालते, उर्दू तर पळते. मध्यंतरी काही वर्षं चालत नव्हतं ते फक्त दहा रुपयांचं नाणं. कोणी म्हणे दहा रेघांचं खरं, पंधरा रेघांचं खोटं. कोणी म्हणे रुपयाचं चिन्ह नसलेलं खोटं. शेवटी जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेनं जाहीर केलं, की या नाण्याचे चौदा नमुने आहेत आणि चौदाही खरे आहेत. मी ते पत्रक मोठ्या हौसेनं काउंटरच्या काचेवर चिकटवलं. झालं! ज्यांना आजवर दोनच नमुन्यांचा संशय होता, त्यांना चौदांचा यायला लागला.

चौदा म्हणजे जरा अतीच, असं मलाही वाटे. पण पेशवाईतल्या टांकसाळींविषयी वाचलं आणि माझं मत पालटलं. त्या काळी टांकसाळीचा चक्क परवाना मिळे. १७४४ साली नागोठण्याच्या बाळाजी बापूजींना नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत तांब्याचे पैसे पाडायचा असाच परवाना मिळाला. आज एखादा पानाच्या टपरीसाठी अर्ज करतो, तशी माणसं टांकसाळ मागत! फी भरायची, वजनाची हमी द्यायची, ठसे कोरून घ्यायचे आणि बसायचं. रुपया पाडायचा तर चांदी वितळवायची, तुकडे करायचे, वजनाला जास्त भरला तर कोपरा छाटायचा. मग तुकडा खालच्या ठशावर ठेवून, वरचा ठसा एकानं धरायचा आणि दुसऱ्यानं हातोडा हाणायचा. ठसा धरणाऱ्यानं हातोडेवाल्याशी भांडून चालत नसणार.

गंमत पुढेच आहे. ठसा मोठा आणि नाणं लहान. मजकुराचा जेवढा भाग बसेल तेवढा बसला. मजकूर फारसी, राज्य पुण्याचं, नाव दिल्लीच्या बादशहाचं, आणि कोरणाऱ्याला फारसी यायलाच हवी असा काही नियम नव्हता. शिवराईवर तर अक्षरं इतक्या तऱ्हांनी कोरलेली सापडतात, की आमच्या ऑडिटरला घेरी यावी. तिकडे १७९१ साली ईस्ट इंडिया कंपनी मुंबईसाठी तांब्याची नाणी बर्मिंगहॅमहून, बोल्टनच्या वाफेच्या यंत्रावर पाडून आणत होती. सगळी एका मापाची. इकडे सराफ प्रत्येक रुपया वाजवून बघे आणि बट्टा कापी.

शेजारच्या उदगीरला १७६० साली भाऊसाहेबांनी निजामाला हरवून साठेक लाखांचा मुलूख घेतला, हे शाळेत वाचताना छाती फुगायची. आता पहिला प्रश्न मनात येतो तो असा, की हे साठ लाख कुठल्या रुपयांनी? पुण्याच्या की औरंगाबादच्या? पुढे आमच्या आजोबांच्या तोंडीही हाच हिशेब असे. सात हाली म्हणजे सहा कलदार. कलदार म्हणजे कळीवर, यंत्रावर पाडलेला. यंत्र आलं तरी बट्टा काही सुटला नाही.

तर त्याच दिवसांत एक म्हातारी काउंटरवर आली. पदराची गाठ सोडून तिनं दहाची बावीस नाणी मांडली. भाजी विकून आलेली.

"बाजारात कुनी घेईना गेलंय, साहेब. खोटं म्हंत्यात."

"मावशी, सगळी खरी आहेत," म्हणून मी तिला पत्रक वाचून दाखवलं. चौदाच्या चौदा नमुने समजावले. तिनं मान डोलावली. मी शंभराच्या दोन नोटा दिल्या. वर वीस रुपये राहिले आणि गल्ल्यात सुट्टी नोट नव्हती. मी तिच्याच ढिगातली दोन नाणी परत पुढे सरकवली.

तिनं नाण्यांकडे पाहिलं, पत्रकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"खरी हाईत म्हनलाव की, साहेब. मग ऱ्हाऊ द्या की तुमच्याकडंच."

मी खिशातली वीसची नोट तिला दिली आणि ती दोन नाणी खिशात टाकली. संध्याकाळी चहा घेतला आणि त्यातलं एक पुढे केलं. चहावाल्यानं ते उलटसुलट करून पाहिलं आणि परत माझ्या हातावर ठेवलं.

"साहेब, तुम्ही बँकेतली माणसं. ऱ्हाऊ द्या, उद्या द्या."